बाहेर फक्त रडणं गेलं

मी मूळची भित्री. पाल दिसली तरी किंचाळते आणि तीच किंकाळी गाण्यात घालते, म्हणून लोक मला धाडसी गायिका समजतात. गेल्या हिवाळ्यात मी एक अल्बम करायला घेतला. रॉकच, पण सुट्या गाण्यांचा नाही. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत एकच गोष्ट, नाटकासारखी. ऊसतोडीला गेलेली एक बाई उसाच्या फडात वाट चुकते, ऊस तिच्याशी बोलायला लागतो आणि ती परत येत नाही. ताल मध्येच सात मात्रांचा, मध्येच अकराचा. गिटार आणि ड्रम पुण्याच्या मित्रांनी वाजवून पाठवले होते. आवाज मात्र सगळे माझे. बाई मी, तिची सासू मी, मुकादम मी, ऊसही मीच. मुकादमाचं गाताना डोक्याला टॉवेल गुंडाळायचा, सासूचं गाताना पदर घ्यायचा, नाहीतर तो आवाज माझ्या गळ्यात उतरतच नाही.

परभणीत आमच्या गल्लीतल्या हॉर्न आणि डीजेपुढे माईक लावणं म्हणजे चेष्टाच. म्हणून मी झरीच्या पुढे आमच्या गावी, काकांच्या रिकाम्या घरात जाऊन राहिले. दिवाळीनंतर निम्मं गाव ऊस तोडायला जातं, त्यामुळे शांतता हवी तेवढी. दारा-खिडक्यांना गोधड्या टांगल्या, मधल्या खोलीत माईक उभा केला. आणि मग ती शांतताच मला खायला उठली. भर दुपारी उन्हानं पत्रा तडतडला तरी छातीत धस्स व्हायचं.

शेवटचं गाणं मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. त्यात सून गेल्याची बातमी सासूला कळते आणि ती हेल काढून रडते. आमच्याकडच्या बाया रडतात तसंच, नात्यानं हाका मारत, गेलेल्या माणसाशी बोलत. कुणी गेलं नसताना असं रडू नये, हे आईनं लहानपणीच बजावलेलं, त्यामुळे माझी हिंमत होत नव्हती. एका दुपारी मनाचा हिय्या करून पदर घेतला, हेडफोन चढवले आणि डोळे मिटून सुरू केलं. "माझ्या सुनंऽ गं, फडात गेलीस गं, मागं वळून न्हाई पाह्यलीस गंऽ..." कानात गिटार, ड्रम, सगळा कल्लोळ चालला होता. तो फक्त माझ्या कानात. गोधडीच्या पलीकडे, गल्लीत, नुसतं रडणं जात होतं. हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

गावात हेल ऐकू आला की बाया हातातलं काम टाकून निघतात. कोण गेलं हे दारात कुणी विचारत नाही. आधी गळ्यात पडून रडायचं, विचारपूस मागून. खांद्यावर हात पडला तेव्हा मी डोळे उघडले, तर खोलीभर बाया. एक माझ्या गळ्यात पडली, दुसरीनं सूर धरला. मला वाटलं, परभणीला माझी आईच गेली आणि या सांगायला आल्यात.

"कोण गेलं? सांगा ना, कोण गेलं?" मी ओरडले.

रडणं थांबलं. सगळ्या माझ्याच तोंडाकडे बघायला लागल्या.

शेजारची मावशी उंबऱ्यातच बसली होती. तिचा मुलगा आणि सून कर्नाटकात ऊस तोडायला गेलेले. "माझी सून ना?" ती म्हणाली. "तुला फोन आला ना?"

"अहो मावशी, गाणं आहे ते. मी गाणं म्हणत होते."

"असलं गाणं असतंय व्हय? मला फसवायलीस. खरं सांग."

मी शपथा घेतल्या. स्पीकर लावून ड्रम ऐकवले, त्यानं तर ती जास्तच घाबरली. शेवटी तिच्या मुलाला फोन लावला, बंद. सुनेचा वाजून वाजून थांबला. इतके दिवस मी अशाच एका बाईला गाण्यात मारत बसले होते. खरंच काही झालं असलं तर? हा वेडेपणा आहे हे कळत होतं, तरी मी पुन्हा पुन्हा तोच नंबर लावत होते. मावशी फोनवरून नजर काढत नव्हती.

कुणीतरी त्यांच्या टोळीच्या मुकादमाचा नंबर दिला. तो वैतागला, पण फोन घेऊन फडात गेला. मी इकडे फोन स्पीकरवर ठेवला. सुनेचा "हॅलो" ऐकू आला मात्र, सगळ्या बाया आनंदानं एकदम रडायला लागल्या.

पलीकडून किंकाळी आली. "आत्याबाई गेल्या का? खरं सांगा!"

"अगं मी हाय, मीच बोलायले!" मावशी फोन तोंडाशी धरून ओरडली.

"न्हाई, हे दुसरंच कुनी बोलायलंय. लपवू नका माझ्यापासून. मी निघायले."

आमच्याकडे माणूस गेल्याची बातमी फोनवर कुणी देत नाही. तब्येत जरा नरम आहे, निघून या, एवढंच सांगतात. हे तिला पक्कं ठाऊक, त्यामुळे कशावरच तिचा विश्वास बसेना. मावशीनं पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं, ओरडून ओरडून आवाजही बसला तिचा. मग एकाएकी तिचा पारा चढला.

"भवाने, जाताना गुळाचा डबा उघडा टाकून गेलीस! समद्याला मुंग्या लागल्या! आता त्यो गूळ काय तुझ्या बापाला घालू?"

पलीकडची किंकाळी थांबली.

"आत्याबाई?" सून म्हणाली, आणि भोकाड पसरून रडायला लागली. त्याला ना ताल होता ना सूर. इकडे कुणीच साथ दिली नाही. मावशीनं फोन कानाला घट्ट लावला आणि डोळे मिटले.

"रड माय, रड," ती म्हणाली. "मी ऐकायले."