ऑर्वल टॅकेटचा नेम

अमेरिकेत मिसूरीच्या डोंगरात ऑर्वल टॅकेटने पिस्तूल शिकायला येणाऱ्यांना एकतीस वर्षं एकच मंत्र शिकवला. चोर चार पावलांवर उभा असताना पिस्तुलावरची नेमाची खूण न्याहाळत बसायला कुणाला सवड असते? नजर त्याच्या छातीवर ठेवा आणि बोट दाखवावं तसा हात पुढे करा, गोळी जाते तिथेच. मंत्र खोटा नव्हता. ऑर्वलचा हात सत्तरीतही तसूभर हलत नसे. डोळ्यांचा पडदा मात्र झिजला होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. हे त्याने कुणाला कळू दिलं नाही. खूण बघूच नका म्हणणाऱ्या गुरूला खूण दिसत नाही, हे कळणार तरी कसं?

नेमबाजीच्या त्याच मैदानावर डोरीन प्रुइटही शिकवायची. ती खुणेशिवाय गोळी न झाडणारी. वीस वर्षांत तिने ऑर्वलचं एक म्हणणं मान्य केलं नव्हतं. "नाचता येईना, अंगण वाकडं," ती त्याच्या शिष्यांदेखत म्हणायची.

शिकवण्याच्या परवान्याची परीक्षा आली. समोर ओळीने लावलेले निशाणाचे कागद, ज्याचा त्याचा वेगळा, बारा गोळ्या, सात पावलांवरून. उन्हात ऑर्वलला समोर नुसते पांढरे डाग दिसले. त्यातल्या एकावर त्याने नजर रोवली आणि डोरीनच्या सहा होण्याआधी बारा संपवल्या.

परीक्षक वेड हा त्याचाच शिष्य. तो कागदांपाशी बराच वेळ घुटमळला. ऑर्वलचा कागद कोरा होता आणि शेजारी डोरीनच्या कागदावर चोवीस भोकं. दुसऱ्याच्या कागदावरची गोळी शून्य, असा नियम.

"मिस्टर ऑर्वल," वेड हळूच म्हणाला, "कागद लावताना माझीच काहीतरी गडबड झाली असेल. परत एकदा झाडा."

"माझी हरकत नाही," डोरीन म्हणाली.

डोरीनला आपली कीव यावी, हे ऑर्वलच्या फार जिव्हारी लागलं. तो तिच्या कागदापाशी गेला आणि बोटांनी चाचपू लागला. त्याची बारा भोकं एका तळहाताखाली मावली.

"नजर जाते तिथेच गोळी जाते, हे बघून घे," तो तिला म्हणाला. "नजर कुठे जाते, ते मला वर्षभर कळत नाहीये."

त्याने पिस्तूल रिकामं करून वेडच्या हातात दिलं. मग खिशातून ट्रकची किल्ली काढून डोरीनपुढे धरली.

"घरी सोड मला. आणि ही तुझ्याकडेच राहू दे."

"म्हणजे आज चाळीस मैल तू…"

"अंदाजाने," ऑर्वल म्हणाला.