आमटीवर आलेला आळ

गेल्या वर्षी, संक्रांतीच्या आठवड्यात, नाशिकच्या एका दवाखान्यात माझ्या मामीवर धडधडीत अन्याय झाला. फिनेलचा वास आला की तो वॉर्ड अजून डोळ्यांपुढे येतो. मामाचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, जोरदार अँटिबायोटिक्स चालू, आणि अचानक जुलाब लागले ते थांबेचनात. मामी रोज सातपूरहून बसने डबा आणायची. "वहिनी, काळा मसाला जरा आवरा म्हटलं होतं ना!" आई सगळ्या वॉर्डादेखत म्हणाली. "वन्सं, लग्न झाल्यापासून हीच आमटी खातायत, तेव्हा नाही बिघडलं पोट?" एवढं बोलून मामी रडायलाच लागली. मामा पार गळून गेला होता. वाटलं, आता हातचा जातो. मग डॉक्टरीणबाई शौचाचा रिपोर्ट घेऊन आल्या. "डब्याचा काही दोष नाही. अँटिबायोटिक्सनी पोटातले चांगले जंतू मेले आणि त्या औषधांना दाद न देणारा, दवाखान्यात पसरणारा जंतू माजला. त्याच्यावरचं वेगळं औषध अजून लागू पडतं." आणि पडलं की! दोन-चार दिवसांत मामा "आमटी कुठंय?" म्हणून खेकसला, तेव्हा आईच आधी रडली. "चुकलं माझं, वहिनी." मामी हसत म्हणाली, "मग उद्याचा डबा तुम्ही आणा." आम्ही सुटलो, पण डॉक्टरीणबाईंच्या त्या 'अजून'वर किती दिवस भागणार? उद्या तेही औषध लागू पडेनासं झालं तर? म्हणून तुम्हाला बजावते: दवाखान्यात नुसतं सॅनिटायझर चोळू नका, हा जंतू त्याने मरत नाही; साबणाने हात धुवा, आणि प्रत्येक अँटिबायोटिकच्या वेळी डॉक्टरांना तोंडावर विचारा, "हे खरंच लागणार आहे का?"