एकाच पानावर अकरा सह्या

माझा धाकटा भाऊ घरी आला की आधी गळ्यातली शिट्टी काढून खुंटीला अडकवतो, मग बूट काढतो, आणि मग खुर्चीत बसून आपल्या गुडघ्यांकडे बघत राहतो. ते जणू दुसऱ्या कुणाचे आहेत आणि याच्याकडे नुसते सांभाळायला दिलेत. बत्तीस वर्षं तो एकाच शाळेत खेळाचा शिक्षक आहे. मुलं त्याला शिट्टीसर म्हणतात. तोंडावर नाही, पण त्याला ते ठाऊक आहे, आणि त्याला ठाऊक आहे हे मुलांनाही ठाऊक आहे.

मी रंगभूमीवर राण्या केल्या, सासवा केल्या, शेवटी शेवटी पलंगावर पडून मरणाऱ्या आज्याही केल्या. आता आम्ही दोघं भावंडं एका घरात राहतो. घराची मागची भिंत शाळेच्या मैदानाला लागून आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून धावपट्टीचं वळण, पाण्याची टाकी आणि बघ्यांसाठी बांधलेल्या चार सिमेंटच्या पायऱ्या दिसतात. नाटक सुटलं तरी पहिल्या रांगेतली जागा मिळाली, असं मी सगळ्यांना सांगते.

त्यातल्या तिसऱ्या पायरीवर बसून तो वह्या बघतो. ही त्याची रीत. शाळा सुटली की पळणारी, उड्या मारणारी, गोळा फेकणारी सगळी पोरं रांगेत उभी राहतात आणि त्या दिवशीच्या अभ्यासाचं पान उघडून त्याच्यापुढे धरतात. तो पान वाचतो, त्यातलाच एक प्रश्न विचारतो, आणि उत्तर आलं की लाल पेन्सिलीनं समासात सही करतो. सही झाल्याशिवाय धावपट्टीवर पाऊल टाकायचं नाही. चाचणीत एका जरी विषयात नापास झालं तर स्पर्धेला जायचं नाही. हे नियम शाळेचे नव्हेत, त्याचे. खेळाच्या खोलीतल्या फळ्यावर डाव्या कोपऱ्यात खडूनं लिहिलेत, आणि तो कोपरा कुणी पुसत नाही.

प्रश्न विचारायची खोड त्याला माझ्यामुळे लागली. तरुणपणी तो स्वतः पळायचा, आणि बरा पळायचा. एकोणिसाव्या वर्षी गुडघा गेला, तेव्हा लक्षात आलं की शाळा केव्हाच मागे राहून गेली आहे. मैदानावर चुन्याच्या रेषा आखायचं काम करत चोविसाव्या वर्षी तो शालान्त परीक्षेला बसला. प्रयोगाआधी मी आरशासमोर रंग लावत बसायची आणि तो मागे कपड्यांच्या ट्रंकेवर बसून धडे म्हणून दाखवायचा. पापणीला काजळ घालता घालता मी मध्येच प्रश्न टाकायची. नुसतं पाठ असून भागत नाही, समोरच्यानं भलतंच वाक्य टाकलं तरी सुचलं पाहिजे, हे मी नाटकात शिकले होते. पहिल्या घंटेपर्यंत इतिहास, दुसरीपर्यंत भूगोल, आणि तिसरीला मी प्रकाशात. तो पास झाला त्या दिवशी आमच्या नेपथ्यवाल्यानं त्याला राजाच्या सिंहासनावर बसवलं होतं. एक पाय लंगडा होता सिंहासनाचा. पण बसला बिचारा तोल सांभाळून.

नापासाचा नियम मात्र त्याचा स्वतःचा. त्याच्या सुरुवातीच्या मुलांत एक लांब उडीवाला होता. असा उडायचा, की खाली यायचंच विसरला की काय असं वाटावं. पुष्कळ वर्षांनी तो एका दवाखान्यात भेटला. बायकोला दाखल करायचं होतं. त्यानं वाकून नमस्कार केला आणि हातातला कागद पुढे केला. सर, एवढं भरून देता का, मला नीट जमत नाही, म्हणाला. माझ्या भावानं कागद भरून दिला, घरी आला आणि जेवला नाही. दुसऱ्या दिवशी फळ्यावर तो नियम लिहिला गेला.

हे सगळं खरं, पण माणूस थकतो. निवृत्तीला सात महिने राहिले होते. शाळेनं त्याच्या गळ्यात काय काय मारलं होतं: हरवलेल्या बाटल्यांचं कपाट, बसच्या रांगा, गैरहजर शिक्षकांचे तास, टाकीत पाणी चढलं की नाही ते बघणं. पायऱ्यांपुढची रांग पंधरावरून चव्वेचाळीसवर गेली होती. खिडकीतून मला दिसत होतं, की चष्मा खिशातच आहे. वही हातात येते, पेन्सिल फिरते, वही पुढे जाते. प्रश्न बंद झाले होते. मी काही बोलले नाही. माझ्याही शेवटच्या वर्षी मी कितीतरी प्रयोगांना नुसत्या पाट्या टाकल्या होत्या, आणि टाळ्या तेव्हाही मिळाल्या होत्या.

त्या रांगेत एक मुलगी होती. नववीतली, काटकुळी. सुसाट यायची, एकदम थांबायची, मान वळवून इकडेतिकडे बघायची आणि पेन्सिल कुरतडायची, म्हणून सगळे तिला खारूताई म्हणत. घरात ती आणि आई, दोघीच. आई रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरी धुते. खारूताई चारशे मीटर पळायची. बत्तीस वर्षांत इतकी चांगली पोर हाती लागली नव्हती, असं भाऊ एकदाच म्हणाला, आणि लगेच दुसरंच काही बोलायला लागला. आंतरशालेय शर्यत जवळ आली होती. पहिल्या तिघींना क्रीडा प्रशालेत प्रवेश मिळायचा. राहणं, शिकणं, सराव, सगळं तिथेच. तिच्या आईनं ट्रंक झाडून उन्हात ठेवलीसुद्धा होती.

शर्यतीला आठ दिवस असताना गणिताच्या बाई आमच्या घरी आल्या. या बाईंचं आणि भावाचं कधी पटलं नव्हतं. तुमच्या शर्यतींपायी माझे तास बुडतात, हे त्यांचं पालुपद. त्या दिवशी मात्र त्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या. पिशवीतून खारूताईची वही काढून टेबलावर उघडी ठेवली.

गुणोत्तर आणि प्रमाणाचं पान होतं. दोन उदाहरणं सोडवलेली, तिसरं अर्धवट. आणि समासात, वरच्या कोपऱ्यापासून एकाखाली एक, लाल पेन्सिलीच्या अकरा सह्या.

अकरा दिवस तेच पान, बाई हळू आवाजात म्हणाल्या. पोरीला चाचणीत पंचवीसपैकी चार आहेत. वही मी कुणाला दाखवलेली नाही. शर्यत होऊन जाऊ द्या, मग बघू. ज्या बाईंनी आयुष्यभर याच्याशी भांडण मांडलं, त्या याला वाचवायला निघाल्या होत्या. भावानं चष्मा लावला आणि सह्या मोजल्या. मग बोट ठेवून पुन्हा मोजल्या.

दुसऱ्या दिवशी त्यानं खारूताईला पायरीवर बोलावलं. मी त्याचा विसरलेला डबा द्यायला गेले होते, म्हणून ते माझ्या कानांवर पडलं. तो रागावला नाही, आणि म्हणूनच ती घाबरली असावी.

"पहिल्या दिवशी खरंच राहून गेला होता अभ्यास," ती म्हणाली. "तुम्ही सही केलीत. दुसऱ्या दिवशी बघायचं होतं, तुम्ही बघता का."

"आणि मग?"

"मग रोज वाटायचं, आज सापडेन." तिनं पेन्सिल तोंडातून काढली. "सापडलेच नाही, सर."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. तो उठून मुख्याध्यापिकांकडे गेला आणि सगळं स्वतःच सांगून आला. त्यांना चषक हवा होता. नियम तुमचा, तर मोडायचाही तुम्हीच, शाळेची काही हरकत नाही, असं त्यांनी सांगितलं. पोरीची आई संध्याकाळी कामावरून तशीच आली, हात साबणानं सोलवटलेले. माझ्या मुलीचे पाय नापास झालेत का, एवढंच तिनं विचारलं. भाऊ तिला म्हणाला, की लांब उडीवाल्यालाही पाय होते. हा लांब उडीवाला कोण, कुठला, तिला काहीच ठाऊक नव्हतं. तशीच निघून गेली.

शेवटी त्यानं असा तोडगा काढला, की शर्यतीच्या आदल्या दिवशी बाईंनी फेरचाचणी घ्यायची. पास झाली तर पळेल. बाईंनी मान डोलावली. मग तो नेहमीच्या रांगेपुढे तिसऱ्या पायरीवर उभा राहिला आणि चव्वेचाळीस पोरांना सांगून टाकलं, की मी न बघता सह्या करत होतो. तेवढ्यात गोळाफेकवाली, अंगापिंडानं दांडगी आणि जिभेची त्याहून दांडगी, मागून बोलली, "सर, नापास झालेल्यानं स्पर्धेला जायचं नाही ना? मग तुमचं काय?"

पोरं हसली. तो हसला नाही. बरोबर आहे, म्हणाला, मीही चाचणीला बसतो.

अशी ती फेरचाचणी दोघांची ठरली. पुढचे पाच दिवस शाळा सुटली की खारूताई आणि शिट्टीसर आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसायचे. मी भाजी चिरता चिरता पुस्तकातले प्रश्न टाकायची, पूर्वीसारखेच, मध्येच. त्याला तीस वर्षांत गुणोत्तर लागलं नव्हतं. तो तिच्याहून जास्त चुकायचा. ती त्याला समजावून सांगायची, आणि सांगता सांगता स्वतःच अडायची. खिडकीबाहेर धावपट्टी रिकामी पडलेली असायची. ती अधूनमधून तिकडे मान वळवायची, तसा तो वहीवर पेन्सिल आपटायचा. सराव सकाळचा जेवढा होई तेवढाच. तो पुरणारा नाही, हे त्याला कळत होतं. एकदा मी तसं म्हटलंही.

"ताई," तो म्हणाला, "अकरा दिवस मी हिला फुकट पळू दिलं. ते कुठून तरी कापून द्यावेच लागणार."

फेरचाचणीत तिला पंचवीसपैकी अकरा मिळाले, त्याला सतरा. पास व्हायला नऊ लागत. गोळाफेकवालीनं त्याचा पेपर मागून घेतला आणि सगळ्या शाळेत फिरवला. बाईंनी त्यावर शेरा लिहिला होता: अक्षर सुधारावे.

शर्यतीला आम्ही सगळे बसनं गेलो. आई शेवटच्या बाकावर बसली होती. खारूताई निघाली ती वाऱ्यासारखी. पहिलं वळण तिचं, सरळ पट्टा तिचा, दुसऱ्या वळणातून बाहेर पडली तेव्हाही तीच पुढे. मग शेवटच्या साठ-सत्तर मीटरला तिचे खांदे वर चढले. रंगमंचावर नटाचा श्वास सुटतो तेव्हा पहिल्या रांगेला कळतं. तसं मला कळलं. एक गेली, दुसरी गेली, आणि अगदी रेषेवर तिसरी. हातभर अंतर असेल, जास्त नाही.

चौथी. निवडल्या तीन.

आईनं तिला टॉवेलात गुंडाळलं. माझ्या भावासमोरून जाताना थांबली आणि म्हणाली, "दोन गुण जास्तीचे मिळाले हो तिला. आणि हातभर कमी पडलं." त्यानं मान खाली घातली. परतीच्या बसमध्ये गणिताच्या बाई येऊन त्याच्या शेजारी बसल्या. त्यानं केलं ते बरोबर की चूक, मला आजही सांगता येणार नाही. एवढं मात्र पाहिलं, की घरी आल्यावर शिट्टी खुंटीला न अडकवता त्यानं ती टेबलाच्या खणात ठेवली.

चार दिवस खारूताई मैदानावर आली नाही. रांग लागत होती. तो चष्मा लावून एकेक पान वाचत होता, एकेक प्रश्न विचारत होता. चव्वेचाळीस वह्या व्हायला इतका वेळ लागायचा, की शेवटच्या पोरांना पळायला उजेड अपुरा पडायचा. ती पोरंही कुरकुरायची. संध्याकाळी तो घरी आला की नुसता बसून राहायचा. सात महिने कशाला, आत्ताच सोडतो, असं दोनदा म्हणाला. मी नको म्हटलं नाही. थकलेल्याला नको म्हणणं सोपं असतं.

पाचव्या दिवशी मी चहाचं भांडं घेऊन पायऱ्यांशी गेले होते. रांग संपली होती. ती फाटकातून आली. शाळेचा गणवेश, पायांत साध्या चपला, पळायचे बूट नाहीत. एकदम थांबली, मान वळवून इकडेतिकडे बघितलं, मग जवळ येऊन त्याच्यापुढे वही उघडून धरली. नवीन पान होतं.

"पळायला नाही आले," ती म्हणाली. "आई नको म्हणते सध्या. तुम्ही प्रश्न विचारा फक्त."

त्यानं चष्मा पुसला. पान वरपासून खालपर्यंत वाचलं. मग विचारलं, दोन भावंडांच्या वयांचं गुणोत्तर पाचास सात, वयांची बेरीज साठ, तर धाकट्याचं वय किती?

तिनं ओठ हलवत मनात हिशेब केला. पेन्सिल कुरतडली.

"पस्तीस."

"ते थोरल्या बहिणीचं," तो म्हणाला.

त्याच्या हातात लाल पेन्सिल होती. मला वाटलं, करेल सही. इतकं झाल्यावर कोण नाही करणार? तिनंही वही थोडी पुढेच सरकवली होती. त्यानं पेन्सिल खिशात ठेवली आणि वही मिटून तिच्या हातात दिली.

"उद्या परत," तो म्हणाला.

ती वही काखेत मारून फाटकाकडे निघाली, चालतच. तो गुडघ्यावर हात ठेवून, एका पायरीवर थांबत, दुसरीवर थांबत, खाली उतरला. घरी येऊन त्यानं खण उघडला, शिट्टी काढली आणि खुंटीला अडकवली.