घाटातला पाऊस आणि ताईचं ऊन

पाऊस कुठे पडतोय ते आपल्या खिडकीतून दिसत नाही, हे एवढं साधं वाक्य मी आयुष्यभर किती जणांना सांगितलं असेल! पालथ्या घड्यावर पाणी. बेलापूरच्या सरकारी ऑफिसात माझं कामच ते होतं. घाटमाथ्यावर किती पाऊस पडला त्याचे आकडे रोज सकाळी जमवायचे आणि वर पाठवायचे. आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लोक विचारणार, "सीवूड्सला ऊन आहे, रेड अलर्ट कसला?" अरे बाबांनो, तुमच्या गॅलरीतले कपडे वाळले म्हणून सह्याद्री कोरडा झाला का?

पण परक्यांचं सोडा, माझी सख्खी मोठी ताई तशीच. तिचं सासर घाटाच्या पायथ्याला, नदीपासून हाकेच्या अंतरावर. भावजी पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले, खाट तळमजल्यावर. घरात प्रत्येक पुराच्या पाण्याची खूण म्हणून भिंतीवर गेरूची रेघ ओढायची पद्धत. सगळ्यात वरची रेघ सासऱ्यांनी ओढलेली, गुडघ्याएवढी. पाणी त्या रेघेच्या वर जात नाही, हा ताईचा कायदा.

त्या आठवड्यात किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा ठाण मांडून बसला होता, त्यात बंगालच्या उपसागरातही कमी दाब तयार झालेला. असं जुळून आलं की अरबी समुद्रावरचे वारे जोरात ओढले जातात, घाटाला धडकून वर चढतात आणि तिथेच रिकामे होतात. माती आधीच भिजून गच्च, ती आणखी थेंबभर पिणार नव्हती. दुपारी खाडीला मोठी भरती, म्हणजे नदीला खाली वाट नाही. सकाळचे आकडे बघितले तर कधी नव्हे एवढे. आकडा आपल्याकडे येतो तेव्हा पाऊस पडून गेलेला असतो, पाणी निघालेलं असतं.

मी ताईला फोन लावला. "भावजींना वर हलव. आत्ताच्या आत्ता."

"अरे, इथे लख्ख ऊन पडलंय! मी गोधड्या वाळत टाकल्यात."

"तुझं ऊन काय चाटायचंय? पाऊस घाटात पडतोय!"

"त्यांना उचलायला चार माणसं लागतात. तुझ्या सांगण्यावरून दोनदा लोकांना कामावरून बोलावलं, पाण्याचा पत्ता नाही. हसतात मला. बेलापुरात बसून मला नदी शिकवू नकोस."

माझं डोकंच सटकलं. "मर मग तिथेच!" म्हटलं आणि फोन कापला. मोठ्या बहिणीला असं बोललो मी. वर फोन सायलेंट करून ड्रॉवरमध्ये टाकला, डबा खाल्ला, मीटिंगला जाऊन बसलो.

चार वाजता ड्रॉवर उघडला तर ताईचे सात मिस्ड कॉल. पहिला साडेअकराचा. लावतोय तर फोन बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी कुणाच्या तरी फोनवरून तिचा आवाज आला, "आहोत दोघं. माडीवर आहोत." मी ऑफिसातच ढसाढसा रडलो.

रस्ता सुरू झाल्यावर गेलो. सासऱ्यांच्या रेघेच्या वर पुरुषभर पाणी चढलं होतं. ताईचा उजवा हात गळ्यात बांधलेला. ती सांगत होती, "उन्हातच नदीचा रंग बदलला, तेव्हा कळलं तू खरं बोलत होतास. एवढंच विचारायचं होतं रे, की वेळ किती आहे. वेळ असेल तर माणसं गोळा करते, नसेल तर एकटीच ओढते. तू उचलला नाहीस. मग चादरीवर घेतलं यांना आणि एकेक पायरी ओढत नेलं." खांद्याचा स्नायू तुटला होता. हात आता वर जायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं.

"पाणी आत कधी आलं?" मी विचारलं.

"दीड वाजून गेला असेल."

म्हणजे दोन तास होते. चार काय, दहा माणसं जमली असती. घाटातलं पाणी तिच्या दारात यायला किती वेळ लागतो, हे गणित मला पाठ होतं.

"तुला कळत असेल ना," ती म्हणाली, "होता का रे वेळ?"

"नव्हता, ताई. माणसं बोलावत बसली असतीस तर संपलंच होतं."

"बघ, मला वाटलंच," असं म्हणून तिने डाव्या हाताने माझ्या ताटात भाकरी वाढली.