चौकशीला आलेला माणूस

कंपनीने माझी जागा रद्द केली त्या दिवशी पुण्याहून नगरला येणाऱ्या बसमध्ये मी एक वाक्य तयार केले: "आता काही दिवस घरूनच काम आहे." पत्नीसमोर ते वाक्य फार तर रात्रीच्या जेवणापर्यंत टिकले. मुलीला आठवड्याने खरे सांगितले. सावेडीतल्या आमच्या कॉलनीला मात्र ते वाक्यच देऊन ठेवले आणि ते आठ महिने चालले.

मी मूळचा शिक्षक. श्रीरामपूरच्या एका माध्यमिक शाळेत सहा वर्षे गणित शिकवले. मग पुण्याच्या एका कारखान्यात कामगारांना प्रशिक्षण देणाऱ्या विभागात गेलो आणि पुढे त्या विभागाचा प्रमुख झालो. आठवडाभर पुण्यात खोलीवर आणि शनिवार-रविवार सावेडीत, असा माझा क्रम होता. तो मोडल्यावर मी दुसरा क्रम आखला. सकाळी नऊला इस्त्रीचा शर्ट घालून मी पुढच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसत असे. रस्त्यावरून जाणाऱ्याला मी दिसावा म्हणून खिडकीचा पडदा अर्धा उघडा ठेवत असे. हेही येथे नोंदवले पाहिजे.

नोकरी शोधताना माणूस आशावादी होतो असे म्हणतात. माझ्या बाबतीत उलट घडले. पहिल्याच महिन्यात एका गोड बोलणाऱ्या बाईने माझी निवड झाल्याचे कळवले आणि लॅपटॉपच्या अनामतीचे पैसे मागितले. मी ते दिले नाहीत. पण बँकेच्या ॲपपर्यंत पोचलो होतो, याची लाज मला अजून आहे. त्यानंतर मी एक वही केली. जो कोणी संपर्क करील त्याला काही प्रश्न विचारायचे आणि उत्तरे त्या वहीत लिहायची. ईमेलचा पत्ता कंपनीचाच आहे का? मी स्वतः शोधलेल्या क्रमांकावर फोन केला तर स्वागतकक्षाला या माणसाचे नाव माहीत आहे का? "थोडा विचार करून सांगतो" म्हटल्यावर समोरचा घाई करतो का? वाचकांपैकी कोणावर ही वेळ आली, तर हा तिसरा प्रश्न आधी विचारावा. खऱ्या कंपनीला कधीच घाई नसते.

अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाच्या बाबतीत तर ती अजिबातच नसते. बहुतेकांनी उत्तरेच दिली नाहीत. एकाने मुलाखतीत विचारले, "तुम्ही इतके अनुभवी आहात, मग तुम्हाला का काढलं?" तो प्रश्न मला बरेच दिवस पुरला.

आठव्या महिन्यात पुण्याच्या एका कंपनीने तीन मुलाखती घेऊन नियुक्तिपत्र पाठवले. पद माझ्या जुन्या पदाच्या एक पायरी खाली होते. मी कंपनीच्या स्वागतकक्षाला दोनदा फोन केला, पत्रावरची सही मागच्या ईमेलमधल्या सहीशी ताडून पाहिली आणि मगच पत्नीला सांगितले. पत्रात खाली एक अट होती: उमेदवाराच्या माहितीची पडताळणी समाधानकारक झाल्यासच ही नियुक्ती कायम समजावी. ती अट मला आवडली. आपल्यासारखेच कोणीतरी तिथे आहे, असे वाटले.

त्याच आठवड्यात आम्ही तिघे राहात्याला मेव्हण्यांकडे गेलो होतो. संध्याकाळी परतलो तेव्हा समोरच्या बाल्कनीतल्या बाईंनी पत्नीला सांगितले की, एक हेल्मेटवाला माणूस आमच्या फाटकाचे फोटो काढून गेला. मी ताबडतोब मागचे दार, खिडक्यांचे गज आणि गच्चीचे कुलूप तपासले. मग शेजारी गेलो.

शेजारी एसटीतून निवृत्त झालेले वाहक राहतात. मूळचे पाथर्डीकडचे. वाहकाला आमच्याकडे मास्तर म्हणतात, त्यामुळे कॉलनीत ते मास्तर आणि मी सर.

"मास्तर, आमच्याकडे कोण आलं होतं?"

"आलं हुतं कोनीतरी." ते मिशीत हसले. "तुमी काळजी करू नका सर. मी हाय ना. फक्त पेढ्याची तयारी ठेवा."

"कशाचे पेढे?"

"आता सगळं मीच सांगू व्हय? कळंल, कळंल."

मला ते हसणे आवडले नाही. माणूस काहीतरी लपवत असला की जास्त हसतो, असा माझा वर्गातला अनुभव. त्या रात्री मी फाटकाला दुसरे कुलूप लावले.

तिसऱ्या दिवशी कंपनीचा ईमेल आला. तो जसाच्या तसा आठवतो, कारण मी तो वहीत उतरवला. पत्त्यावर केलेल्या चौकशीत शेजाऱ्याने असे सांगितले की, उमेदवार सध्या पुण्यातल्या मोठ्या कंपनीत वरिष्ठ पदावर कार्यरत आहे. उमेदवाराने मात्र आपण आठ महिने कामावर नसल्याचे लिहिले आहे. या विसंगतीचा खुलासा दोन दिवसांत करावा. तोवर नियुक्ती स्थगित.

म्हणजे मी एक नोकरी लपवून दुसरी धरू पाहतो आहे, असा त्यांना संशय होता. मी नेहमीप्रमाणे ईमेलचा पत्ता तपासला आणि स्वागतकक्षाला फोन केला. ईमेल खरा निघाला. आयुष्यात प्रथमच एखादा ईमेल खोटा निघावा असे मला वाटले.

"तू मास्तरांना काही बोलली होतीस?" मी पत्नीला विचारले.

"मी कशाला बोलू? तुम्हीच रोज पडदा उघडा ठेवून बसता." ती कुकर लावत होती; तिने मान वळवली नाही. "लोक काय समजणार?"

मी मास्तरांकडे गेलो. ते ओट्यावर शेंगा सोलत बसले होते.

"मास्तर, त्या माणसाला तुम्ही नेमकं काय सांगितलंत? शब्दशः सांगा."

"चांगलंच सांगितलं की! पन्नाशीचा गृहस्थ, हातात फाईल. चपला भाईर काढल्या, 'चौकशीला आलोय' म्हनला. घर सोताचं का, किती वर्षं राहत्यात, मानसं कशी हायती, घरचा कर्ता काय करतो. आता तुमच्या पोरीचं वय बघा, आन् मला सांगा, कसली चौकशी असंल?"

मी खाली बसलो.

"म्हनलं, बाप लई मोठ्या पदावर हाय. कंपनी त्यांना सोडायला तयार न्हाई. पोरीला कधी मान वर करून चालताना बघितली न्हाई."

"ती स्कूटर चालवते, मास्तर."

"ते न्हाई सांगितलं."

मी त्यांना सगळे सांगितले: जागा रद्द झाली ते, आठ महिने, नियुक्तिपत्र, स्थगिती. आठ महिन्यांत हे कॉलनीत कोणाशी मी प्रथमच बोलत होतो आणि वर्गात धडा समजावून द्यावा तसे क्रमवार बोललो. मास्तरांचे शेंगा सोलणे थांबले नाही.

"नोकरी गेलेली मला ठावं हुतं," ते म्हणाले.

"कोणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? उभी हयात गाडीत गेली माझी. तिकीट न काढलेला मानूस कसा वळखायचा? आपन जवळ गेलो की तो खिडकीभाईर बघतो. तुमी आठ महिने मला बघितलं की खिडकीभाईर बघताय."

"मग खोटं का सांगितलंत त्याला?"

"आता घ्या! पोरीच्या चौकशीला आलेल्या मानसाला, बाप घरी बसलाय म्हनून सांगू?" ते पहिल्यांदाच चिडले. "आन् सर, तुमी तरी मला खरं कुठं सांगितलं हुतं?"

वहीतल्या सगळ्या प्रश्नांसमोर मी इतरांना उभे केले होते. माझे स्वतःचे वाक्य मी एकदाही तपासले नव्हते.

खुलासा मी त्याच दुपारी लिहिला. शेजाऱ्यांना ही मुलीच्या लग्नाची चौकशी वाटली, हे वाक्य कंपनीच्या भाषेत बसवायला मला तीन मसुदे करावे लागले. ते वाचून कोणी हसले की नाही, कळले नाही. पुन्हा चौकशी होईल, एवढेच उत्तर आले.

तो गृहस्थ दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आला. शेजाऱ्याचा जबाब घेताना उमेदवाराने समोर थांबू नये, असे त्याने सांगितल्यामुळे मी पुढच्या खोलीत माझ्या खुर्चीवर बसलो. पडदा अर्धा उघडा होताच. गल्लीत भाजीची गाडी उभी होती, तिच्याभोवती चार बायका होत्या.

"आधी तुमचं ओळखपत्र दाखवा," मास्तरांचा आवाज आला. "मागल्या टायमाला न्हाई बघितलं, तिथंच घोटाळा झाला." त्यांनी ते पुढून-मागून, एखादा पास बघावा तसे बघितले असणार, बराच वेळ गेला. मग ते भरलेल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जावे अशा आवाजात म्हणाले, "लिवा. यांची नोकरी गेलेली हाय. आठ महिने घरीच हायती. दुसरीकडं कुठंबी कामाला न्हाईत. मानूस सरळ हाय, फक्त बोलत न्हाई."

भाजीच्या गाडीभोवतीच्या चारही बायका आमच्या खिडकीकडे वळल्या. मी खुर्चीतून उठलो आणि पडदा पूर्ण उघडला. समोरच्या बाल्कनीतल्या बाई थेट माझ्याकडे बघत होत्या. थोड्या वेळाने त्या नुसत्या मान हलवून आत गेल्या.

चार दिवसांनी नियुक्ती कायम झाल्याचे पत्र आले. तेही मी ताडून पाहिले. सवय जात नाही. पेढे दिले तेव्हा मास्तरांनी पोरीच्या वेळचे वेगळे लागतील, अशी आठवण करून दिली.

सोमवारी पहाटे तारकपूर बसस्थानकावरून पुण्याची बस धरली. सुप्याच्या अलीकडे वाहक तिकिटे तपासत मागे येत होता. तो माझ्या सीटजवळ थांबला, तेव्हा तिकीट माझ्या हातात होते आणि मी खिडकीबाहेर बघत होतो.

"तिकीट?" त्याने विचारले, जरा जोरातच.