छत डोक्यावर घेतलेलं कपाट

चहा घ्या तुम्ही निवांत. ऐकता ऐकता गार झाला तर मला बोल लावू नका, कारण हा घोळ मी एकट्याने, भरदुपारी आणि पूर्ण शुद्धीत घातलेला आहे!

मेहकरला माझं लाकडाचं वर्कशॉप आहे. वर्कशॉप म्हणजे काय, तर विटांच्या भिंती आणि वर टिनाचं छत. मागे मी एक जुनं हायड्रॉलिक टेबल घेतलं. कैचीसारखे पाय असलेलं लोखंडी टेबल. पायाने पॅडल मारलं की वर चढतं. जड कपाट त्यावर उभं करायचं, गाडीच्या फाळक्याइतकं उंच न्यायचं आणि गाडीत सरकवायचं. सोन्यासारखी वस्तू! पण चढायची कशी? पॅडल मार, पॅडल मार, तेव्हा कुठे बोटभर वर. आणि मी असा माणूस, की चहा उकळेपर्यंत दोनदा गॅस मोठा करून बघतो. मला ते बघवेना.

एक दिवस चुलतभाऊ सुधाकरचा ट्रॅक्टर दारात उभा होता. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर ट्रॉली कशी झपकन उचलली जाते, हे मी शंभरदा पाहिलेलं. त्या दिवशी मात्र डोक्यात किडा वळवळला.

"ट्रॉली उचलते तं टेबल काऊन नाही उचलणार बे?"

"उचलीन," सुधाकर म्हणाला. "पण तुले घाई कायची हाय?"

घाई कशाची, हे मला आजवर कळलेलं नाही. फक्त असते. संध्याकाळपर्यंत मी टेबलाचा पायपंप काढून टाकला आणि ट्रॉलीला असतो तसा पाइप आणि कपलिंग बसवलं. रिकामं टेबल असं सुर्रकन वर गेलं की मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारून घेतली.

आता खरी गोष्ट ऐका. सुलतानपूर माझी सासुरवाडी. सासरे गेले ते मागे पुस्तकांचे ढीग ठेवून. आयुष्यभर पोटाला चिमटा काढून घेतलेली पुस्तकं. ती गावातल्या विहाराच्या अभ्यासिकेला द्यायची असं बायकोने ठरवलं, आणि कपाट अर्थातच जावयाने बनवायचं. सात फुटी, सागवानी, काचेच्या दारांचं. कपाट तयार झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी अभ्यासिकेचं उद्घाटन होतं. बायको मला एवढंच म्हणाली होती, "माह्या बाबाची पुस्तकं जमिनीवर ठेवाची पाळी आणू नका."

कपाट न्यायला पिकअप चार वाजता येणार होती. शहाण्या माणसाने काय केलं असतं? जेवून झोपला असता. मी कपाट टेबलावर उभं करून रंगीत तालीम करायचं ठरवलं! सुधाकर थ्रेशरकडे निघाला होता, सोयाबीन काढायला माणसं खोळंबली होती, त्याला पाच मिनिटांसाठी अडवला. तो बाहेर ट्रॅक्टरवर बसला आणि मी आत, टेबलाशी वाकून, हातात टेप घेऊन. पिकअपची उंची मी मोजून ठेवली होती. छताची कोण मोजतो?

टेबल चढलं, चढलं आणि अडलं. मला वाटलं, पाइपात हवा धरली. मी ओरडलो, "रेस दे!" सुधाकरने दिली. पायाने पॅडल मारताना कुठे अडलं तर पायाला कळतं. ट्रॅक्टरला काय कळणार? करकर आवाज झाला आणि आत लख्ख उजेड पडला. मी वर पाहिलं. भिंत आणि छत यांच्यामधून ऊन येत होतं.

कपाटाने छताचा आडवा पाइप उचलला होता. भिंतीतले बोल्ट उपटून निघाले होते. सुधाकरने आत येऊन वर बघितलं आणि विचारलं, खाली घेऊ का. खाली कसं घेणार? टेबल उतरलं की छत काचेच्या दारांवर. तो म्हणाला, मग राहू दे, आणि कपलिंग काढून गेलासुद्धा! पाइप काढला तरी तेल टेबलातच अडकून राहतं. म्हणजे टेबल वर, त्यावर कपाट, त्यावर छत. आणि खाली मी, आत-बाहेर, आत-बाहेर.

पिकअप तीनलाच आली. मेहुणा मिलिंद, आणि विहार कमिटीचे उत्तमकाका. काकांनी कपाटाभोवती एक फेरी मारली, मान वर केली. मी तोंड उघडणार तेवढ्यात ते म्हणाले, "पाह्य मिलिंद. मजबुती पाह्यासाठी कपाटावर छत ठेवलं जवाईबापूनं. असा कारागीर हाय कुठं?"

आता तुम्हीच सांगा, सासुरवाडीच्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

"हाव काका," मी म्हटलं. "त्याच्याबिगर मी कपाट बाहेर जाऊच देत नाही."

काकांनी फोटो काढला. घटकाभरात तो सुलतानपूरभर फिरला. शेजारचे दुकानदार गोळा झाले. किती वेळ ठेवता, असं एकाने विचारलं. काचेचं असलं की जास्त, असं मी सांगितलं. जीभ थांबेचना! डोळ्यांसमोर मात्र बाबांची पुस्तकं जमिनीवर दिसायला लागली होती.

फोटो बायकोलाही पोचला. तिचा फोन आला. तिने कपाटाचं कौतुक केलं नाही, छताचं विचारलं नाही.

"सुधाकरभाऊचा ट्रॅक्टर कुठं हाय?"

पुढचं सगळं तिनेच केलं. जावेला, म्हणजे सुधाकरच्या बायकोला, फोन लावून सुधाकरला परत पिटाळलं. मिलिंदने आणि काकांनी छताला बल्ल्यांचे टेकू लावले, तपासणी संपली असं समजून. कपाट हळूहळू खाली आलं. काचेला साधा ओरखडाही नव्हता.

सकाळी अभ्यासिकेत पुस्तकं लागली. बायकोने वरच्या फळीवरून हात फिरवला आणि डोळे पुसले. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू? आयुष्यात पहिल्यांदा मी एका जागी शांत बसलो होतो.

आणि उत्तमकाका बोलायला उभे राहिले. "विहाराच्या छताचं टिन खाली बसलं हाय. ते उचलून नीट कराचं काम कमिटीनं जवाईबापूले देल्लं. छतातलं त्यांच्याएवढं कोणाले समजत नाही."

टाळ्यांचा कडकडाट. सगळ्यात जोरात बायको वाजवत होती. मी तिच्या कानाशी वाकलो. "आता काय सांगू यांले?"

तिने टाळ्या थांबवल्या नाहीत. "सांगता कायले? ट्रॅक्टर घेऊन या."