खांद्याचं आवतन

माझी बायको उन्हाळ्यात गेली. आता पोळा तोंडावर आला. घरात बैल न्हाईत, ट्रॅक्टर आहे. तरी सुनेनं बाजारातून मातीची बैलजोडी आणली अन् मला विचारलं, "मामंजी, खांदेमळणीला आत्याबाई काय म्हणायच्या? त्या काहीतरी पुटपुटायच्या. मला कधी ऐकू आलं न्हाई."

मी तिला लगेच सांगितलं न्हाई. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. म्हणून लिहून काढतो. माझी शाळा उर्दूची, तीही दुसरीतच सुटली. मराठी अक्षर भजनाच्या नादानं शिकलो. चुकलं तर चुकलं.

आमचं गाव हिंगोलीकडच्या पुसेगावच्या वरल्या अंगाला. शेती बेताची, पण माळ मोठा. म्हणून घर चालायचं ते गुरांवर. लहानपणी मोजायला बसलो की मोजणी चुकायची, इतकी गुरं. सगळी तांबडी. वडील पहाटे उठून आधी गोठ्यात जायचे, मग देवाजवळ. कोणी हसलं तर म्हणायचे, "देवाला हंबरता येत न्हाई, त्याला दम निघतो." दूध विकायचं न्हाई हा आमच्या घरचा नेम. दूध विकलं काय अन् पोरगं विकलं काय, सारखंच, असं आजी म्हणायची. ताक सगळ्या गावाला फुकट. तूप मात्र विकायचो, पण नव्या व्यालेल्या गायीच्या तुपाची पहिली वात मारुतीपुढं अन् दुसरी पिराच्या दर्ग्यात. पिराची वात न्यायला नालबंद यायचा.

हा नालबंद आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहायचा. मुसलमानाचं ते एकच घर आमच्या गल्लीत, अन् आमच्याइतकंच जुनं. बैलाला दोरानं पाडून त्याच्या खुराला लोखंडी पत्र्या ठोकायचा त्याचा धंदा. माळावरच्या दगडात बिनपत्रीचा बैल दोन दिवसांत लंगडा व्हायचा, म्हणून त्याच्यावाचून कोणाचं चालत नव्हतं. लेकरूबाळ न्हाई. बायको गुडघ्यानं अधू, भिंत धरून चालायची. माझी बायको लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या दिवशी हाच माणूस ताक मागायला दारात उभा. तिनं पदर ओढून विचारलं, "कोण पाहिजे?" तर म्हणाला, "भाऊ समज माहेरचा. ताक आंबट नको दिऊ म्हणजे झालं." तेव्हापासून ती त्याला भाऊच म्हणायची.

आमची गाडीची जोडी म्हणजे तांबडा अन् बांडा. तांबडा गरीब. बांड्याच्या तांबड्या अंगावर पांढरे ठिपके अन् डोक्यात राग. पत्री ठोकून घेतल्यापासून त्याचं नालबंदाशी वैर. त्याचा नुसता खोकला ऐकला तरी मागचा पाय उचलायचा. नालबंद लांबूनच सलाम करायचा. "क्या पाटील, अजून राग गेला न्हाई? तुझ्याच पायाचं भलं केलं की रे." आमची ही हसायची, "भाऊ, त्याला पाटील म्हणता म्हणून माजलाय तो."

आता पोळ्याची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं त्या रीतीवर आहे.

पोळ्याच्या आदल्या सांजेला खांदेमळणी. जू ओढून ओढून बैलाच्या खांद्याला घट्टे पडतात. ते ऊन पाण्यानं शेकायचे, हळद-लोणी चोळायचं. अन् घरच्या लक्ष्मीनं खांद्यावर हात ठेवून म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." हे सगळीकडं आहे. आमच्या घरात त्याच्या पुढं आणखी एक होतं. एकदा आवतन दिलं की तो बैल पाहुणा. ज्या दारात आवतन घेतलं त्याच दारात पुरणाची पोळी खाल्ल्याबिगर त्याला शिवेबाहेर न्यायचं न्हाई. अन् जेवण झाल्यावर तीच बाई पुन्हा खांद्यावर हात ठेवून म्हणणार, "जेवलात, आता राबा." ती 'राबा' म्हणेपर्यंत त्या खांद्यावर कोणीही जू ठेवायचं न्हाई. मालकानं सुद्धा न्हाई. आधी आजी म्हणायची, मग आई. आई गेल्यावर माझ्या बायकोकडं आलं. वय लहान होतं तिचं, पण त्या सांजेला वडील सुद्धा तिच्यापुढं हात बांधून उभे राहायचे.

ज्या साली निजामाचं राज्य गेलं, त्या सालचा हा पोळा. उन्हाळ्यापासूनच वातावरण वाईट. निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरायच्या, धान्य न्यायच्या, गुरं न्यायच्या. पुष्कळ लोक पैनगंगा उतरून वऱ्हाडात गेले, कारण तिकडं निजामाचा अंमल नव्हता. आमचे वडील हलेनात. म्हणायचे, "एवढी गुरं घेऊन कोणाच्या दारात उभा राहू?" अशात खांदेमळणी झाली. हिनं दोघा बैलांना आवतन दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैल नदीवर धुऊन आणले. चुलीवर पुरणाची डाळ नुकतीच चढली होती. इतक्यात शेजारच्या गावचा सोयरा पळत आला. म्हणाला, "टोळी आमच्या गावात आलीय. गुरांच्या घरांची नावं घेऊन राहिले. दुपारपर्यंत तुमच्याकडं येतील. उठा."

वडिलांनी घटकाभर देवाकडं पाहिलं. मग मला म्हणाले, "गाडी जुंप."

मी जू उचललं. तेवढ्यात ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. हाताला डाळीचं पाणी. तशीच बैलांपुढं येऊन उभी राहिली.

"मामंजी, आवतन दिलंय."

"मला ठावं हाय. टोळी येऊन राहिली, बाई."

"उपाशी पाहुण्याच्या खांद्यावर जू ठेवता?"

मी मधेच बोललो, "भाकर चार एक-एक अन् सोड."

"भाकरीचं आवतन दिलं होतं का म्या?"

आता कोणी म्हणेल, काय हा येडेपणा. जीव वाचवायचा का रीत? पण त्या वेळी आमच्यातल्या एकालाही तो येडेपणा वाटला न्हाई. वडिलांनी माझ्या हातातलं जू घेतलं अन् भिंतीला टेकवून ठेवलं. म्हणाले, "बराबर बोलली. गाई-वासरं हाका. पायी जाऊ. यांचं काय करायचं ते सांग."

नालबंद दारातच होता. गडबड ऐकून आला होता. म्हणाला, "मी हाय ना. तुमच्या दारात बसतो. माझ्या समोरून जोडी सोडून न्यायला कोणी येणार न्हाई. मला वळखतात ते."

ही म्हणाली, "भाऊ, डाळ चुलीवर हाय. गूळ शिंक्यावर. वहिनीला पोळ्या करायला सांगा. याच दारात चारा."

"बांड्याला मी चारू?" त्यानं दोन्ही हात वर केले. "बोटं मोजून घे आधी. परत आल्यावर कमी भरली तर तुझ्याकडून घेईन."

अशा वेळीही आम्ही हसलो. मग निघता निघता ही उंबऱ्यावरून वळली अन् म्हणाली, "अन् भाऊ, मी येऊन 'राबा' म्हणेपर्यंत जू ठेवू नका, कोणाला ठेवू देऊ नका."

तो म्हणाला, "मला कशाला लागतंय जू? मला काय नांगरायचंय?"

एवढंच बोलणं झालं. शेवटचं.

आम्ही माळामाळानं गेलो. पैनगंगेला कमरेएवढं पाणी होतं. गाई पाण्यातून चालत गेल्या, वासरांना आम्ही शेपटीला-कानाला धरून काढलं. पलीकडं हिच्या मामाचं गाव. त्यांच्या खळ्यात राहिलो. वाटलं होतं, दोन-चार दिवसांत परत. पण वरच्या अंगाला पाऊस झाला अन् नदी फुगली. मग निजामावर फौज चालून आली. राज्य पडलं म्हणून तिकडं लोकांनी गुळाचे खडे वाटले. आम्हीही खाल्ले. ही म्हणाली, "आता चला. माझं आवतन अर्धं हाय." वडील म्हणाले, "नदी उतरू दे. माणसं अजून ठिकाणावर न्हाईत." वडिलांचं खरं होतं. माणसं ठिकाणावर नव्हती. फक्त कोणती माणसं, ते आम्हाला कळलं न्हाई. आम्हाला भीती अजून त्या टोळ्यांचीच.

नदीला उतार झाला तेव्हा परत आलो. गल्लीत शिरलो तर नालबंदाचं दार आत ढकललेलं. चूल विझलेली. आमच्या घरापाशी आलो. दारात तांबडा अन् बांडा उभे. पुढ्यात ओला चारा. शिंगं हिरव्या रंगानं रंगवलेली. आमच्या गावात शिंगं लाल रंगवतात. हिरवा रंग नालबंदाच्या घरी मोहरमच्या डोल्याला, ताबुताला लावून उरला असेल, तो लावला.

शेजारची म्हातारी सोडून गल्लीत कोणी नव्हतं. तिला लांब चालवत नव्हतं म्हणून ती गेली न्हाई. चारा तीच टाकत होती. तिनं सांगितलं ते असं.

नालबंदाच्या बायकोला पुरण येत नव्हतं. ती भिंत धरत धरत म्हातारीकडं आली. म्हातारी उंबऱ्यावर बसून सांगत गेली, ती करत गेली. पोळ्या फाटल्या, पण झाल्या. नालबंदानं बैलांना बाशिंग बांधलं, मारुतीपर्यंत नेलं, संगं काठी टेकत म्हातारी. पाराखाली आपण थांबला अन् दोर म्हातारीच्या हातात दिला. "तू फिरव. मी इथूनच बघतो." परत आणून आमच्या दारात चारलं.

हिनं विचारलं, "लाथ मारली का बांड्यानं?"

"न्हाई ग. पोळी खाल्ली. मग त्याचा सदरा चघळत बसला. तो बोंबलून राहिला, अरे पाटील, एकच सदरा हाय."

त्याच दिवशी दुपारी टोळी आली होती. हा दारात आडवा झाला. शिव्या खाल्ल्या, पण बैल सोडू दिले न्हाईत.

मग फौज आल्यावर दुसरी माणसं आली. ही आपल्यातली. आमच्या गावची नव्हती, पण आपल्यातलीच. टोळ्यांचा राग ती मुसलमानांच्या एकेकट्या घरांवर काढत होती. चाहूल लागली तशी म्हातारी नालबंदाला म्हणाली, "गाडी हाय, बैल हायत. बायकोला घाल गाडीत अन् हिंगोली गाठ. तिथं फौजेचा तळ हाय."

तो म्हणाला, "तिनं अजून राबा म्हटलं न्हाई."

म्हातारी म्हणाली, "अरे, तू खुळा का काय? ती तुला बोलणार हाय का?"

"ती न्हाई बोलणार. पण जोडी अमानत हाय, ठेव हाय तिची." असं म्हणून त्यानं बैलांपुढं चारा टाकला, बायकोला पाठीवर घेतलं अन् पायवाटेनं निघाला. हिंगोलीच्या वाटेनं. ती वाट लांब. गुडघ्यानं अधू बाई पाठीवर घेऊन माणूस किती चालेल? पुढं काय झालं ते म्हातारीला ठाऊक न्हाई. मलाही न्हाई. हिंगोलीत विचारलं. जवळा बाजारच्या बाजारात नालबंद बसायचे, कितीतरी बाजार मी त्यांना विचारत फिरलो. कोणी म्हणायचं हैदराबादला गेला असेल. कोणी नुसतं खाली बघायचं.

रब्बीची पेरणी आली. हिनं बैलांना 'राबा' म्हटलंच न्हाई. रोज गोठ्यात जायची, खांद्यावर हात ठेवायची अन् उगाच उभी राहायची. वडील एक दिवस चिडले.

"सूनबाई, ओल उडून चालली. किती दिवस बसवायची जोडी?"

ती म्हणाली, "ज्याच्या कामाला यायची व्हती त्याच्या आली न्हाई. आता कोणाच्या कामाला लावू?"

वडील उठून गेले. नंतर संध्याकाळपर्यंत माळावर बसून राहिले. मला वाटतं ते तिथं रडले, पण मी विचारलं न्हाई. आमच्यात विचारत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिनं दोन्ही बैल सोडले, नालबंदाच्या पडक्या दारापुढं नेऊन उभे केले अन् तिथं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "जेवलात, आता राबा." आम्ही मागं उभे होतो. मग मी जू ठेवलं.

बांड्याला पुढं दुसऱ्या नालबंदानं पत्र्या ठोकल्या. त्यानं लाथ मारली न्हाई. गरिबासारखा पडून राहिला. मला ते बघवलं न्हाई.

चूक कोणाची म्हणावी? तिनं शब्द दिला तो रीतीनं दिला. त्यानं पाळला तो रीतीनं पाळला. रीत वाईट नव्हती. तिच्यात फक्त पळून जायला जागा ठेवलेली नव्हती. ती जागा ठेवावी हे आमच्या आज्या-पणज्यांच्या ध्यानात आलं न्हाई, कारण त्यांच्या वेळी पळणारा कोणी असेल असं त्यांना वाटलं नसावं. माझी बायको याच्यावर कधी बोलली न्हाई. मी एकदा म्हणालो, "तुझं काय चुकलं?" तर म्हणाली, "चुकलं न्हाई म्हणूनच जात न्हाई मनातून."

पुढच्या पोळ्याला तिनं आवतन बदललं. आवतन देतानाच पुढच्या कामाचं पण आपल्या शब्दांत हळू म्हणून टाकायची. बायका हसायच्या, "हे काय, पाहुण्याला ताटावर बसवायच्या आधीच हात धुवायला सांगते." ती हसू द्यायची. बैल होते तोवर म्हणाली, बैल गेल्यावर मातीच्या बैलांना म्हणाली. गेल्या साली सुद्धा म्हणाली.

आज सांजेला सुनेनं पाटावर ते मातीचे बैल मांडले. हळद-लोण्याचं बोट त्यांच्या खांद्याला लावलं अन् माझ्याकडं बघितलं. मी तिला सांगितलं, ती माझ्यामागं म्हणत गेली.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाया या. अन् मधी कोणाला निकड पडली तर माझी वाट बघू नका. जुंपून न्या."

ती म्हणाली, "मामंजी, कोणाला निकड?"

मी म्हटलं, "असतं कोणीतरी."